वाढत्या अंगाची बंदूक नको

मराठी मध्यमवर्गीय घरात मुलासाठी काही विकत घ्यावयाचे म्हटले, की एक तत्त्व हटकून पुढे येते. सदरा असो, शाळेचे बूट असोत की सायकल असो, वस्तू घ्यावी ती ‘वाढत्या अंगाची’. आज बाही मनगटाखाली लोंबली तरी चालेल, पुढल्या वर्षी ती बरोबर होईल. आज पाय पायडलला जेमतेम पोचला तरी हरकत नाही, दिवाळीपर्यंत पोर उंच होईल. ठरावीक पगारात संसार करणाऱ्यांच्या या हिशेबात शहाणपण आहे, कारण सदरा सैल झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु जगात अशीही एक वस्तू आहे, की जी बाप मुलाला तितक्याच प्रेमाने घेऊन देतो आणि जिच्या बाबतीत हे काटकसरीचे तत्त्व सपशेल घातक ठरते. ती वस्तू म्हणजे शिकारीची पहिली बंदूक.

हा प्रसंग मुख्यतः अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील घरांत येतो. तेथे शिकार हा संस्थानिकांचा षोक नसून शेतकरी, सुतार, शिक्षक, ट्रकचालक यांच्या ऋतुचक्राचा एक भाग आहे. पेन्सिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, की त्या सोमवारी शाळेला सुट्टी देण्याची प्रथा अनेक ठिकाणी चालत आली आहे. अशा समाजात मुलगा वा मुलगी दहा-बारा वर्षांची झाली, की पहिली बंदूक कोणती, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतो. केंद्राच्या १९६८ च्या कायद्यान्वये परवानाधारक दुकानदाराला अठरा वर्षांखालील मुलास अशी बंदूक विकता येत नाही. अर्थात निवड वडीलधाऱ्यांनाच करावी लागते, आणि ती बंदूक चालविणाऱ्याच्या नव्हे तर विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने केली जाण्याचा धोका येथेच निर्माण होतो.

बोअरचे कोडे

आपल्याकडे ‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या कानावरून गेलेला असतो. पण हा आकडा कशाचा, हे थोड्यांनाच ठाऊक असते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअरची. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद. बारा बोअरच्या नळीचा व्यास ०.७२९ इंच आणि वीसचा ०.६१५ इंच असतो. याला अपवाद ‘चारशे दहा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वांत लहान बंदुकीचा. तेथे ०.४१० हा थेट नळीचा इंचांतील व्यासच असतो.

या बंदुकांतून एक गोळी नव्हे, तर छर्ऱ्यांचा पुंजका सुटतो. नेहमीच्या काडतुसांपुरते बोलावयाचे, तर बारा बोअरमध्ये सुमारे ३२ ग्रॅम, वीसमध्ये सुमारे २५ ग्रॅम आणि चारशे दहाच्या लहान काडतुसात अवघे १४ ग्रॅम छर्रे असतात. सशासाठी वापरतात त्या सहा नंबरच्या छर्ऱ्यांत मोजले, तर ही संख्या अनुक्रमे अडीचशे, पावणेदोनशे ते दोनशे आणि एकशे दहाच्या आसपास भरते. निवडीचा सारा वाद या तीन आकड्यांभोवती फिरतो.

येथे वडील मंडळी दोन प्रकारे चुकतात. पहिला बाप म्हणतो, ‘घरात आजोबांची बारा बोअर आहे, तीच चालवील, आज जड वाटेल, उद्या सवय होईल.’ हा आपल्या वाढत्या अंगाच्या सदऱ्याचाच युक्तिवाद होय. दुसरा बाप अधिक मायाळू असतो. तो म्हणतो, ‘पोर लहान, तर बंदूकही सर्वांत लहान’. आणि चारशे दहा घेऊन येतो. पहिल्याची चूक सहज दिसते. दुसऱ्याची चूक वात्सल्याच्या पांघरुणाखाली दडलेली असते, म्हणून ती अधिक समजून घ्यावयास हवी.

चारशे दहाचा धक्का नगण्य, हे खरे. परंतु तिच्यात छर्रे थोडे, म्हणून पुंजका विरळ. पंचवीस यार्डांच्या पलीकडे त्यात अशी भगदाडे पडतात, की नेम बरोबर असूनही पक्षी त्यांतून निसटतो. किंवा याहून वाईट म्हणजे एक-दोन छर्रे अंगात घेऊन झुडपात पडतो आणि सापडत नाही. नवशिक्याचा नेम मुळात कच्चा. त्यात चुकीला सर्वांत कमी वाव देणारे हत्यार त्याच्या हाती द्यावयाचे! म्हणूनच ही चिमुकली बंदूक मुलांची नसून मुरलेल्या नेमबाजाची आहे, असे जाणकार सांगतात. स्थिर लक्ष्यावर सरावाचे पहिले धडे गिरविण्यास ती ठीक. उडत्या पक्ष्यावर ती मुलाला निराश करते आणि पक्ष्याला यातना देते. शिकार करणारांनी मान्य केलेले पहिले कर्तव्य असे, की प्राणी मारावयाचा तर तो क्षणात मेला पाहिजे. बंदुकीची निवड करताना या तिसऱ्या पक्षाचे, म्हणजे त्या पाखराचे, हितही तराजूत पडले पाहिजे.

धक्का आणि दचक

मग आजोबांच्या बारा बोअरचे काय बिघडले? शाळेत शिकविला जाणारा न्यूटनचा तिसरा नियम येथे खांद्यावर अनुभवास येतो. छर्रे पुढे जातात तेव्हा बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवले, तर बंदूक जितकी हलकी तितका धक्का मोठा. येथेच बाजारातील एक सापळा आहे. मुलाला पेलावी म्हणून अडीच किलोच्या आतबाहेरची हलकी, स्वस्त, एकनळी बंदूक घेतली जाते आणि तिच्यात मोठ्यांचे भारी काडतूस भरले जाते. उचलावयास सोपी असलेली ही बंदूक उडवावयास मात्र अतिशय कठोर ठरते.

खांद्यावरचा निळा डाग चार दिवसांत जातो. मनात बसलेली दचक मात्र जात नाही. दोन-तीनदा मार खाल्लेले मूल चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटू लागते, खांदा मागे घेते आणि नळी झुकते. ही सवय एकदा जडली, की ती मोडावयास वर्षे लागतात. पुष्कळदा मूल काही न बोलता बंदूकच कोपऱ्यात ठेवून देते आणि ‘याला आवडच नाही’ असा निष्कर्ष बाप काढतो. वास्तविक आवड नव्हती असे नाही. माप चुकले होते.

एवंच, सर्वसाधारण प्रकृतीच्या दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी मध्यममार्ग उरतो तो वीस बोअरचा, आणि तोही हलक्या काडतुसांसह. तिच्यात छर्रे पुरेसे, धक्का सोसवेल इतका, आणि पुढे मोठेपणीही ती टाकून द्यावी लागत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या दणकट मुलाला बारा बोअरही चालेल. मात्र तिच्यातही सरावासाठी मिळणारी हलकी काडतुसेच भरावीत. कानांना व डोळ्यांना संरक्षण हवे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. कारण दचक जितकी धक्क्याची तितकीच आवाजाचीही असते.

शिंप्याचे माप

बोअर ठरले तरी अर्धेच काम होते. बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकल्यावर चापापर्यंतचे अंतर मुलाच्या हाताला जुळले पाहिजे. मोठ्या माणसाच्या बंदुकीत हे अंतर साधारण चौदा इंच असते. मुलांसाठी बनविलेल्या बंदुकांत ते बारा-तेरा इंचांपर्यंत आणलेले असते. दस्ता लांब असला, की मूल तो काखेत घेते किंवा दंडावर टेकवते, पाठ मागे वाकवते आणि तोल जाऊन धक्क्याने मागे सरते. बंदूक जणू छातीपुढे धरलेले ओझे होते. परीक्षा सोपी आहे. रिकामी असल्याची खात्री करून घेतलेली बंदूक मुलाने डोळे मिटून खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर मान न वाकवता नळीच्या मध्यरेषेवरून सरळ गेली, तर माप जुळले. जुन्या काळी बाप करवतीने दस्ता कापीत असत. आता काही कारखाने दस्त्यात पट्ट्या घालून लांबी वाढविण्याची सोय देतात. वाढत्या अंगाची गरज भागविण्याचा हा योग्य मार्ग होय : आज नेमके माप, आणि अंग वाढेल तसतशी वाढ, आधी मोठे माप आणि मग अंग वाढण्याची वाट पाहणे नव्हे.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा नेम धरणारा डोळा डावा असू शकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या झाडाच्या शेंड्यावर अंगठा धरावा आणि एकेक डोळा मिटून पाहावा. जो डोळा उघडा असताना अंगठा जागचा हलत नाही, तो प्रधान डोळा. तो डावा निघाला तर बंदूक डाव्या खांद्यावर शिकविणेच बहुधा श्रेयस्कर, आणि मग खटका कोठे आहे हेही पाहावे लागते. १९५० साली बाजारात आलेल्या रेमिंग्टन ८७० या प्रसिद्ध बंदुकीचा खटका चापामागे आडवा आहे, तर १९६१ च्या मॉसबर्ग ५०० चा खटका वर, अंगठ्याखाली असल्याने दोन्ही हातांना सारखाच सोयीचा पडतो.

एकच काडतूस

यंत्रणेचा प्रश्न शेवटी येतो, आणि त्यात मतभेद आहेत. मधोमध मोडून एकच काडतूस भरावयाची एकनळी बंदूक हा अमेरिकेतील पिढ्यान्‌पिढ्यांचा पहिला धडा. ती स्वस्त, साधी, आणि एकच बार असल्याने विचार करावयास लावणारी. तथापि तिच्यातील जुन्या पद्धतीचा बाहेरचा घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. शिकार निसटली की तोच घोडा भरलेल्या काडतुसावर हळूच उतरवावा लागतो, आणि थंडीने बधिर झालेला लहान अंगठा तेथे घसरू शकतो. पुढचा दांडा मागेपुढे सरकवून काडतूस बदलणारी पंप बंदूक मजबूत व माफक किमतीची. पण बाहेरून पाहता ती भरलेली की रिकामी हे कळत नाही. वायूच्या दाबावर चालणारी स्वयंचलित बंदूक, उदाहरणार्थ १९६३ ची रेमिंग्टन ११००, धक्का बराच सौम्य करते. परंतु एक बार होताच दुसरे काडतूस आपोआप नळीत येते, आणि नवशिक्या आनंदाच्या भरात ते विसरतो. दुनळी बंदूक महाग. पण मोडून हातावर टाकली, की ती निरुपद्रवी आहे हे शेजारच्या माणसालाही दिसते.

यांतील कोणतीही घेतली तरी चालते, जर एक नियम पाळला : पहिल्या हंगामात एका वेळी एकच काडतूस. बंदुकीत पाच मावतात म्हणून पाच भरावीत असे नाही. ज्याला दुसरा बार मिळणार नाही हे ठाऊक असते, तोच पहिला बार जपून करतो.

घरात दोन बोअरच्या बंदुका असल्यास आणखी एक सावधगिरी हवी. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत पडले, तर ते पुढे घसरून नळीत अडकते. मागे जागा रिकामी दिसते, कोणी बाराचे काडतूस भरतो, आणि चाप ओढताच नळी हातात फुटते. हे टाळण्यासाठीच अमेरिकेत वीस बोअरच्या काडतुसांचा रंग पिवळा ठेवण्याचा संकेत आहे. बाप-लेक एकाच पिशवीतून काडतुसे घेत असतील, तर त्या रंगावर भिस्त ठेवण्यापेक्षा पिशव्या वेगळ्या करणे शहाणपणाचे.

आयोवातील एक बाप

इतका हिशेब करूनही सांगण्यासारखी मुख्य गोष्ट उरतेच. अमेरिकेतील वन्यजीव-व्यवस्थापन शास्त्राचे प्रवर्तक अल्डो लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ साली आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या ग्रंथात त्यांनी आपल्या पहिल्या बंदुकीची हकीकत लिहिली आहे. बंदूक एकनळी होती. पण ती देताना वडिलांनी अट घातली, की तितर झाडावर बसलेला असताना मारावयाचा नाही, उडतानाच मारावयाचा. मुलाचा कुत्रा तितरांना झाडावर चढविण्यात पटाईत होता. म्हणजे फांदीवर बसलेला हमखास बळी रोज समोर येई आणि मुलगा तो सोडून देई. हा त्याग हाच आपला नीतिशास्त्राचा पहिला पाठ, असे त्या थोर शास्त्रज्ञाने पुढे नमूद केले. हे वडील स्वतः कायद्याचे बंधन नसताना वसंत ऋतूतील, म्हणजे विणीच्या तोंडावरची, बदकांची शिकार सोडून बसले होते. मुलाला घातलेली अट त्यांनी आधी स्वतःला घातली होती.

रानात कोणी पाहत नसते. चौपाटीवरच्या क्रिकेटलाही पंच असतो. शिकाऱ्याला पंच नाही आणि प्रेक्षकही नाहीत. म्हणून तेथे नियम पाळला जातो तो केवळ अंगी बाणला असेल तरच. न्यूयॉर्क राज्याने १९४९ साली शिकारीच्या परवान्यापूर्वी प्रशिक्षणाची सक्ती सुरू केली आणि इतर राज्ये त्या वाटेने गेली. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, नळी कधीही माणसाकडे वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे ओळखल्याखेरीज बार करू नये, हे नियम वर्गात पाठ होतात. ते हाडीमाशी खिळतात मात्र बापाबरोबर काढलेल्या अनेक पहाटांत.

कुलपाची किल्ली

या विषयाची दुसरी, काळीकुट्ट बाजूही आहे. २०२० सालापासून अमेरिकेत एक ते एकोणीस वयोगटातील मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण मोटार-अपघात नसून बंदूक हे झाले. या मृत्यूंत शिकारीतील अपघातांचा वाटा फारच थोडा. हत्या आणि आत्महत्या यांचाच भाग मोठा, आणि त्यांतही पिस्तुले अधिक. परंतु मूल ज्या हत्यारापर्यंत पोचते ते पुष्कळदा घरातलेच असते. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. ते पिस्तूल बापाने अवघ्या चार दिवसांपूर्वी त्याच्यासाठी विकत आणले होते. २०२४ साली आई आणि बाप दोघांनाही मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरवून दहा ते पंधरा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

पिस्तूल आणि शिकारीची बंदूक यांत फरक आहे, हे मान्य करूनही त्या निकालाचा धडा टळत नाही. मुलाला बंदूक ‘दिली’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. बंदूक मुलाची, पण कपाट, कुलूप आणि किल्ली वडिलांची; काडतुसे वेगळ्या कुलपात. फ्लोरिडा राज्याने १९८९ साली मुलांच्या हाती शस्त्र पडेल असे ठेवणाऱ्या मोठ्यांना शिक्षापात्र ठरविणारा कायदा केला. पण ज्याला कायद्याची वाट पाहावी लागते त्याने मुलाला बंदूक घेऊच नये. मुलगा खिन्न आहे, अबोल झाला आहे, त्याच्या वहीत विपरीत चित्रे आहेत, हे पाहण्यास ज्याला सवड नाही, त्याने दस्त्याचे माप अचूक घेतले तरी उपयोग काय?

आपल्याकडे हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवानेच संपविले. शस्त्रपरवान्यासाठी १९८३ पासून एकवीस वर्षांची अट आहे. नेमबाजीच्या खेळापुरती सवलत सोडली, तर मुलाच्या हाती बंदूक येत नाही. हे योग्यच झाले. तरीही एका मुलाच्या पहिल्या बंदुकीची कथा मुंबईत घडली आहे. गेल्या शतकाच्या प्रारंभी सालिम अली नावाच्या पोरक्या मुलाने हवेच्या छोट्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी वेगळी का, असे त्याने मामांना विचारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी. पण त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही. चिठ्ठी देऊन त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड यांच्याकडे पाठविले, आणि तेथून भारताच्या श्रेष्ठ पक्षिशास्त्रज्ञाचा प्रवास सुरू झाला.

बर्लिंग्टनच्या वडिलांनी बंदुकीबरोबर अट दिली. मुंबईच्या मामांनी प्रश्नाला वाट दिली. त्या दोन्ही बंदुका फार भारी होत्या असे नाही. एक साधी एकनळी, दुसरी तर खेळण्यातली. भारी होता तो वडीलधाऱ्यांनी दिलेला वेळ. अमेरिकेतील दुकानात बोअर, दस्ता, खटका यांची चर्चा करणाऱ्या बापाने ती अवश्य करावी. चुकीच्या मापाने मूल दुखावते आणि पाखरू तडफडते. परंतु मुलाचा विवेक आज जेवढा आहे तेवढेच सामर्थ्य त्याच्या हाती आज द्यावे, हे त्या साऱ्या चर्चेचे सार आहे. सदरा वाढत्या अंगाचा घ्यावा. बंदूक मात्र आजच्याच मापाची घ्यावी. आणि ती शिकवावयास आपल्याजवळ वेळ नसेल, तर घेऊच नये.